दाढीचा आरसा

निळा डॅमसेल, दोन बोटांएवढा.
चार फुटी टाकीचा सातबारा
जणू याच्याच नावावर.

परवा कुर्ल्याहून पिवळा टँग आणला,
पिशवीसकट तासभर तरंगत ठेवला,
दिवे मालवून सोडला.
सकाळी शेपूट कातरलेलं,
पंपामागे एका अंगावर पडून.

अश्फाक फोनवर म्हणाला, दगड हलवा सगळे,
घराचा नकाशा बदलला की
मालकी विसरतो मासा.
कोपरापर्यंत हात घालून हलवले.
नखाजवळची चीर मिठाने चरचरली.
हा काही विसरला नाही.
मग आरसा लावा, म्हणाला, बाहेरून.

घरात एकच सुटा आरसा, दाढीचा.
टेप मारून चिकटवला.
तेव्हापासून हा तिथेच,
पर ताठ, तोंड उघडं,
स्वतःवर धावून जातो, काचेवर आपटतो,
मागे सरतो, पुन्हा.
खाण्याचीही शुद्ध नाही.
टँग हळूच बाहेर आला,
शेवाळाची पट्टी ओढून घेऊन गेला.

आज चौथा दिवस.
कन्नमवार नगरच्या नव्या टॉवरात
आम्हा भावांना दोन घरं मिळाली, पार्किंग एक.
दीड वर्षाचा अबोला.
संध्याकाळी लिफ्टमध्ये तो आणि मी.
आकड्यांकडे बघत त्याने विचारलं,
'आजारी आहेस? दाढी वाढलीय.'
'नाही. आरसा माशाला दिलाय.'

सातवा आला.
दार उघडलं, मिटलं.
तो उतरला नाही.
'कुठला मासा?' म्हणाला.