निरोप

भरमू पेंटरचा उजवा हात
खानापूर रोडवर शिडीवरच राहिला.
बोर्डाची वरची कन्नड ओळ पुरी,
खाली मराठीत ‘श्री कलमेश्वर हा’,
आणि पुढं कोरा पत्रा.

बेळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
रक्त अडलं ते तासाभराचं.
मग आग विझवायला धावलेल्या पेशी
अजून घरी गेलेल्या नाहीत.
एकमेकींना निरोप धाडतात: या, अजून या,
आणि शेजारची धडकी भिंतही पाडतात.
हे इंजेक्शन तो निरोप मधेच अडवतं.
सगळा नाही,
राडारोडा उचलायला त्याच लागतात.

ह्याच बाटलीत आहे का ते, मी विचारलं.
मलाही माहीत नाही, म्हणाल्या.
निम्म्यांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी.
नावं पाकिटात. पाकीट बंगळूरला.
फॉर्म दोन भाषांत होता.
मी दोन्हींवर सही केली, न जाणो.

अकराव्या दिवशी तो म्हणाला, ‘नीरु’.
एकतीस वर्षं माझ्याशी मराठीत भांडलेला माणूस
गोकाकच्या आईकडं पाणी मागत होता.
मी दिलं.

काल डाव्या हातात खडू दिला.
घाम फुटेस्तोवर त्यानं पाटीवर
एकच रेघ ओढली, वाकडी, पण उभी.
कन्नड अक्षर कसं गोल वळतं.
हे वळलं नाही.
काना असेल.
किंवा नुसताच खडू घसरला असेल.

हार्डवेअरवाला फोनवर म्हणाला,
राहू दे वहिनी बोर्ड तसाच,
गिऱ्हाईक येवलंय.