सुप्रमा

सुप्रमा हे मुलीचं नाव नाही.
सुधारित प्रशासकीय मान्यता. सु, प्र, मा.
त्र्यंबक नाक्याच्या कार्यालयात, लेखाशाखेत
रुजू झालो त्याच आठवड्यात मला हे कळलं.
चिंतामण थविलला कुणी सांगितलं नव्हतं.

तो आंबेझरी धरणावरचा चौकीदार, रोजंदारीवर.
सावळघाट उतरून जीप यायची,
साहेब बॉनेटवर नकाशा पसरायचे,
वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड,
आणि म्हणायचे, सुप्रमा आली की लागेल सगळं मार्गी.
ठेकेदार म्हणायचा, सुप्रमा येऊ द्या.
मुकादम मजुरांना म्हणायचा, पगार ना? सुप्रमा आली की.
चिंतामणला वाटलं, असेल कुणी मोठी बाई,
चांगल्या पायगुणाची.
त्या साली त्याला मुलगी झाली.

मूळ अंदाजपत्रक अकरा कोटी चाळीस लाख.
पिवळ्या पानांवर सुबक अक्षर, कुठेही खाडाखोड नाही.
कालवा आखला होता पाण्याच्या पातळीहून दोन मीटर वर.
पाणी चढ चढत नाही
हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.
घळीची जमीन वनखात्याची आहे
हे दोन्हीकडून भिंत आल्यावर समजलं.

मग पहिली सुप्रमा : अडतीस कोटी.
दुसरी : सत्त्याण्णव.
तिसरी : दोनशे बारा.
भाववाढ, संकल्पनात बदल, भूसंपादन, इतर.
सगळ्यात मोठा आकडा ‘इतर’ समोर.
मी बेरीज तपासली.
बेरीज बरोबर होती.

आजही जाऊन बघा.
दोन डोंगरांतून दोन भिंती निघतात,
समोरासमोर येऊन थांबतात,
सोयरीक मोडलेल्या घरांसारख्या.
मधून नदी जाते. आधी जायची तशीच.
आणि पल्याडच्या पाड्यावर मार्चपासून टँकर.

शाळेत चव्हाणके बाई शिकवायच्या :
वाक्यातला कर्ता सापडत नसेल
तर क्रियापदाला ‘णारा’ लावा आणि विचारा, कोण?
तीस वर्षं मी जी वाक्यं लिहिली
त्यांना बाईंनी नापास केलं असतं.
निधी वर्ग करण्यात आला.
काम बंद ठेवण्यात आले.
जबाबदारी निश्चित करण्याची कार्यवाही प्रस्तावित आहे.
एकोणीस कार्यकारी अभियंते आले, गेले,
एकाचाही पाय वाक्यात अडकला नाही.

गेल्या सोमवारी खिडकीशी एक मुलगी.
माहितीचा अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प नीट चिकटवलेला.
नाव? विचारलं.
सुप्रमा चिंतामण थविल.
मागच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं.
ती हसली नाही. तिला सवय असावी.

तिने मोबाइल पुढे केला.
सिमेंटच्या गोदामाची भिंत, आता पडकी,
तिच्यावर कोळशाच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या.
बापाने मोजलेल्या गाड्या.
दगडी अस्तराचे ट्रक, चारशे बारा.
त्याला लिहिता येत नव्हतं,
म्हणून त्याने फक्त मोजलं.

मी मोजमाप पुस्तिका काढली, पान एकेचाळीस.
एकोणीसशे साठ ट्रक.
खाली लाल शाईने बरोबरची खूण,
शेपूट जरा लांब. ते माझं वळण आहे,
किराण्याच्या यादीवरही मी तशीच करतो.

खरं सांगायचं तर मला तेव्हाही माहीत होतं.
एकच ढीग तीन ठिकाणी मोजला
असं कॅन्टीनमध्ये सगळेच बोलायचे.
पण माझ्याकडे बेरजेचं काम होतं,
ढिगाचं नव्हतं.

तिने पानावर बोट ठेवलं. ही खूण?

तपासणी करण्यात आली आहे, मी म्हणालो.

ती अर्जाच्या पाठीमागे लिहून घेत होती.
अर्ध्यात थांबली.
कुठल्या शाळेत शिकली देव जाणे,
वर बघून म्हणाली,
करणारा कोण?

पेनाचं टोपण तिने लावलं नव्हतं.