काठ

वडगावात दुपारी दीडला
आमचा तिसरा माग थांबला तेव्हा वाटलं, लाईट गेली.
पण बाकीचे दोन चालूच होते.
रवळू हात्यावर रेलून उभा.
"आक्का, पाठीत कुणीतरी कापड टरकावायलंय,"
एवढंच म्हणाला, आणि धोट्याशेजारी खाली बसला,
सहा फूट तीन इंच, घडी पडल्यासारखा.

बाबा असेच गेले होते, अडतिसाव्या वर्षी.
कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं नजर,
चुलत्यानं यल्लम्माला नवस बोलून टाकला.
लांब हातांचं आम्हांला कौतुकच:
मागच्या रांगेतली तुटलेली तार जोडायला
भंडग्यांच्या पोरांना वाकावं लागत नाही, म्हणायचे.

डॉक्टर हिरेमठ स्क्रीनवर दाखवतात
महाधमनी, छत्रीच्या मुठीसारखी वळलेली,
आणि तिच्या पोटात दुसरी एक, खोटी वाट.
"अस्तर सुटलंय, ताई. रक्त दोन थरांमध्ये शिरलंय.
तुमच्या घरात धागाच मुळात कच्चा.
डोळ्यांतला, सांध्यांतला, नसांतला, सगळीकडे तोच."
निम्मं कन्नडात सांगतात, निम्मं मराठीत.
मला दोन्हीतलं अर्धं अर्धं कळतं
आणि ते पुरतं.

चार वर्षांपूर्वी छाती उघडून वरचा तुकडा बदलला होता,
तिथे पॉलिएस्टरची नळी शिवलेली आहे.
आता त्याच्या खाली फाटलंय.
या खेपेला जांघेतून नेणार मिटलेली नळी,
आत जाऊन उघडणारी,
तारेच्या कड्यांवर ताणलेलं कापड.

मी विचारलं, कापड कसलं?
त्यांना वाटलं, मी किंमत विचारतेय.
मग ड्रॉवरमधून नमुना काढून हातात दिला.
नखाने चाचपला. साधी वीण,
उभा, आडवा, उभा, आडवा.
इंचाला किती तारा, मोजता येईनात.
हा कुणाच्या मागावर निघाला असेल?
तिथं दुपारचा डबा कोण आणत असेल?

विरलेल्या लुगड्याला कोरं ठिगळ लावलं
की ठिगळ टिकतं.
लुगडं जातं, बरोबर टाक्याच्या काठाला.
हे मी बोलून गेले.
डॉक्टर जरा वेळ गप्प. मग म्हणाले,
"तेच तर. अशा पेशंटला आम्ही शक्यतो ही नळी घालत नाही.
पण पुन्हा छाती उघडणं त्याला झेपणार नाही.
वरचं टोक मागच्या शिवलेल्या कापडात बसेल,
कापडात कापड, त्याची मला काळजी नाही.
खालचं टोक
त्याच्या स्वतःच्या नसेत."

फॉर्म कन्नडात होता, नर्सने वाचून दाखवला.
सही मी मराठीत केली.
स्ट्रेचर आखूड पडला, रवळूची पावलं बाहेर.
"शहापुरीचे तीन वार राहिलेत," म्हणाला,
"पदर यायचाय. ताणा ढिला सोडू नको."
जणू मी परगावची.

दोन तास दहा मिनिटं.
तो आला. उठला. आता बीपीच्या गोळ्या खातो,
बीम उचलत नाही, आणि नाही उचलत म्हणून चिडतो.
दर सहा महिन्यांनी स्कॅन.
सगळे नळी बघतात, किती छान बसलीय म्हणतात.
मी फक्त खालचा काठ बघते.

परवा त्याची समृद्धी कांड्या भरायला बसली होती.
नऊ वर्षांची, वर्गात सगळ्यात उंच.
खेळता खेळता अंगठा आत घेऊन तिने मूठ मिटली
आणि नख पलीकडच्या अंगाने बाहेर आलं.
"आत्या, बघ, माझा अंगठा लपतच नाही!"
हसली. मीही हसले.

मग हिरेमठांना फोन लावला.
तिसरा माग जोरात होता, काही ऐकू येईना.
गल्लीत, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन
पुन्हा लावला.