खाच

उजव्या खिशात असतो. नाण्यांबरोबर नाही,
नाण्यांनी पितळेला ओरखडे पडतात.
पँट शिवताना शिंप्याला दरवेळी सांगावं लागतं,
आत एक चोरखिसा, दोन बोटं रुंद.
मोबाईलला? तो विचारतो.
नाही, चाकूला.

शनिवारच्या बाजारात मिळाला,
जुन्या नळांच्या आणि बंद घड्याळांच्या ढिगात.
साडेतीनशे सांगून दोनशे दहाला दिला.
एका अंगाचं लाल प्लास्टिक गेलेलं,
मोठ्या पात्याचं टोक मोडलेलं,
आणि मळसूत्रासारखं वळलेलं एक काहीतरी,
त्यानं म्हणे बाटलीचं बूच काढतात.
वडगावात बूच असलेली बाटली
मी अजून पाहिलेली नाही.

ते मळसूत्र इराप्पानं सरळ केलं,
उद्यमबागेत, जेवणाच्या सुट्टीत,
गॅसच्या जोतीवर लाल करून
तेलात चुर्र.
मग ग्राइंडरवर टोकाला आकडा काढला, केसाएवढा.
"साकेन?" म्हणाला.
"इन्नू स्वल्प," म्हटलं मी.
आता फणीच्या घरातून तुटलेली तार
एका झटक्यात ओढून घेतो.
चौदा मागांचा जॉबर आहे मी,
दिवसाला किती तारा तुटतात ते विचारू नका.

मोडलेलं टोक घासून गोल केलं.
तसल्या पात्यानं दोरा तुटतो, कापड वाचतं.
दात कोरायच्या काडीच्या जागी
अक्षतानं सिमकार्डाची पिन खुपसून ठेवलीय,
न विचारता.

राहिलं होतं अंग.
वडलांचा हातमाग जळणाच्या भावानं गेला तेव्हा
एक धोटा पलंगाखाली राहून गेला होता,
मांजर खेळायचं त्याच्याशी.
त्यातून दोन फळ्या निघाल्या, एक जरा गडद.
घासताना खळीचा वास आला,
इतक्या वर्षांनी, नाकात बारीक भुकटी जाऊन.
मी पॉलिश केलं नाही. हातानंच होईल म्हटलं,
आणि झालंही.
खडेबाजारच्या दस्तगीरनं रिवेट मारून दिली,
घड्याळवाला माणूस,
पैसे घेतले नाहीत, पण तासभर
सगळी पाती उघडून-मिटून बघत बसला.

मागच्या महिन्यात बहिणीच्या वाटणीची तारीख होती.
कोर्टाच्या दारात यंत्र पिपाणीसारखं वाजलं.
महादेवी नावाची कॉन्स्टेबल,
पट्टीवरचं कन्नड मी जुळवत जुळवत वाचलं.
तिनं एकेक पान उघडलं, सुपारी निवडावी तसं.
"इदु यल्लीदु?"
मी गप्प राहिलो म्हणून मग मराठीत,
"कुठलं हे?"

पात्याच्या मुळाशी परकी अक्षरं आहेत, अर्धी झिजलेली.
आकडा उद्यमबागेचा.
कात्रीची स्प्रिंग निपाणीत टाकून दिलेल्या छत्रीच्या काडीची.
लाकूड वडगावचं,
पण वडगावात धोटे कुठून यायचे
ते वडलांना विचारायचं राहिलं.
"नंदु," म्हटलं मी. "माझं."
ती हसली नाही.
प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवला,
चिठ्ठीवर सत्तावीस लिहून दिलं.

तारीख पुढं गेली, जाते तशी.
दुपारभर हात सारखा खिशाकडं,
बहीण म्हणाली, काय हरवलंय तुझं?
पाचला चिठ्ठी दिली, चाकू घेतला,
तर पात्याला पेरूचा वास
आणि बिजागरीत तिखटमीठ.
मी तिच्याकडं बघितलं. तिनं रजिस्टरकडं.
"कात्री ढिली आहे," म्हणाली,
"टाइट माडस्कोरी."

रात्री शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकला,
स्क्रू पाव फेरा आवळला.
तिखटमीठ कोरून काढलं, बहुतेक सगळं.

पाठीमागं अजून एक खाच रिकामी आहे.
आधीच्या मालकानं तिथलं काहीतरी काढलंय,
काय, ते खाचेवरून कळत नाही.
अक्षता म्हणते, टॉर्च.
इराप्पा म्हणतो, करवत, दुसरं काय.
मी बसमध्ये, माग बंद असताना,
वीज गेल्यावर
अंगठ्याचं नख तिच्यात घालून बसतो.
ठरवलं नाही अजून.