रिदम गिटार

सुगत गजभिये किती फास्ट वाजवायचा
हे विचारायला आता पोट्टे घरी येतात.
फोन समोर धरतात : काका, असं वाजवे का तो?
स्क्रीनवर कोणी परदेशी माणूस,
बोटं अशी की कोळ्यालाही पाय कमी वाटावेत.
मी म्हणतो, हो, असंच. पण घामात.

घामात म्हणजे कामठी रोडच्या लॉनवर, मे महिन्यात,
रात्री दहालाही स्टेजची फळी तापलेली,
दर गाण्याला तारा थोड्या थोड्या उतरायच्या
आणि तो ट्यूनिंगला थांबायचा नाही.
उतरलेली तार बोटानं ओढून जागेवर आणायचा, चालत्या गाण्यात,
चालत्या सायकलच्या दांडीवर
झोपलेलं लेकरू बाप सावरतो तशी.

अजनीच्या शेडमध्ये फिटर.
दिवसा हात इंजिनाच्या पोटात, रात्री ऑर्केस्ट्रा नवचंद्र.
नखातलं ग्रीस कधी पुरतं गेलं नाही,
त्याच्या स्पॅनिशला ऑइलचा वास यायचा.
स्पॅनिश शिकवली मोहननगरच्या डिक्रूझ गार्डानं,
ड्यूटी लागेपर्यंत, रनिंग रूमच्या ओट्यावर.
मींड उचलली इतवारीतल्या सतारीच्या दुकानाबाहेर
उगाच सायकलची चेन बसवत.
ताजबागच्या उरसात कव्वालांच्या मागं बसून आणल्या ताना.
आणि जयंतीला, इंदोऱ्यात, रात्री बाराला,
निळीनं माखलेल्या हातांनी
भीमगीताच्या दोन कडव्यांमधल्या जागेत
हे सगळं एकदम बाहेर काढायचा.
डिक्रूझचं नाव न ऐकलेल्या म्हाताऱ्या बाया
पदर खोचून नाचायच्या.

मी? मी रिदमला.
सत्तावीस वर्षं. जी मायनर, सी मायनर, डी.
संक्रांतीला गच्चीवर एक जण पतंग उडवतो
आणि एक पोरगं चक्री धरून उभं असतं,
त्याच्याकडं कोणी बघत नाही, तेच.
सोलोला निघताना मान वळवून म्हणायचा,
तू धरून ठेव बे, मी येतो फिरून.

एकदा मी त्याच्या पहिल्या तारेवर ब्लेड फिरवलं. अर्धंच.
ती भर सोलोत तुटली, गालावर वळ उठला,
उरलेल्या पाचांवर त्यानं सोलो पुरा केला,
कुठलाही सूर न गाळता.
उतरताना तुटका तुकडा माझ्या खिशात घातला.
बोलला काहीच नाही. चहाचे पैसे त्यानंच दिले.

आणि मग ती रात्र.
रिसेप्शन, अडीचशे पानं उठलेली, तो सोलोच्या मध्यावर
आणि लाइट गेली.
माइक गेला, ऑक्टोपॅड मेला, मुनाफभाईचा आलाप तोंडात राहिला.
लोक ओऽऽ करून ओरडले.
जनरेटरवाला जेवायला बसलेला.

सुगत थांबला नाही.
बिनविजेच्या गिटारीचा आवाज तो केवढा,
पत्र्यावरून मुंगळे जावेत एवढा.
दीड हातावर उभा मी, फक्त मला ऐकू येत होतं.
उजेडात कधी वाजवलं नाही असं काही वाजवत होता,
ओट्यावरचं, दुकानाबाहेरचं, उरसातलं,
एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर,
आणि मधेच एक जागा अशी, की मला वाटलं
हिला ब्लेडचं माहीत आहे.
मी जी मायनर धरून उभा.
पाय फळीवर. एक, दोन, तीन, चार.

लाइट आली तेव्हा तो बरोबर समेवर उतरला.
टाळ्या पडल्या.
लाइट आली म्हणून.

माझ्या पायावर आला की स्वतःच्या हिशेबानं,
हे मी त्याला विचारायचं ठेवत गेलो.
मग शेडमधून थेट मेडिकलला नेलं त्याला,
ते राहूनच गेलं.

रेकॉर्डिंग आहे का, पोट्टे विचारतात.
नाही, म्हणतो. चहा घ्या.
व्हिडिओ संपतो, परदेशी माणूस वाकून नमस्कार करतो,
खुर्चीखाली माझा पाय चालूच.
काका, संपलं ते, एक जण म्हणतो.
थांब ना बे, म्हणतो मी. येते तो फिरून.