तळटीप क्रमांक एकेचाळीस

कुणी काही दाबलं नाही, हे आधीच सांगते.
स्टॉकहोमहून आलेलं पत्र अदबीचं होतं,
निधी वेळेत जमा झाला,
प्रवासभत्त्यात बर्फावरच्या टायरांचासुद्धा विचार होता.
फक्त प्रश्न त्यांचा होता:
‘शासकीय उपायांचा मेॲनकिएली भाषेच्या वापरावर
झालेला अनुकूल परिणाम मोजणे.’
अनुकूल हा शब्द आधीच येऊन बसला होता,
पंगतीत रुमाल टाकून जागा धरावी तसा.

पायलाच्या पुढे, नदीच्या वळणावर, सायमा कुओक्सू.
वय सत्त्याऐंशी. कॉफीत चीजचे तुकडे टाकून
माझ्याकडे कप सरकवते.
प्रश्न सातवा: घरी कोणती भाषा बोलता? (एकच पर्याय निवडा.)
गाईंशी एक, म्हणते, डॉक्टरशी दुसरी.
बहिणीशी पहिलीच. बहीण जाऊन अकरा वर्षं झाली.
आणि मुलाशी?
मुलाशी दुसरी. तो पाळण्यात होता तेव्हाच ठरलं.
कुणी ठरवलं?
ती चमच्याने कपातलं चीज शोधत राहते.

मग म्हणते,
वसतिगृहात आम्ही नदीला व्हॅय्लॅ म्हटलं
की जेवणाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.
लापशीचा वास पाठीमागून यायचा.
हे तुझ्या कागदात कुठे बसतं, पोरी?
मी रकाना शोधते.
‘इतर’मध्ये तीस अक्षरं मावतात.

सोडरलिंड सज्जन माणूस. आवाज चढवत नाही.
पहिल्या मसुद्याच्या समासात त्याने लिहिलं:
‘बंदी’ऐवजी ‘तत्कालीन शैक्षणिक प्राधान्यक्रम’
कसं वाटेल? केवळ सूचना.
दुसऱ्या मसुद्यात: ‘शिक्षा’? संदर्भ आहे का?
तिसऱ्यात त्याला काही लिहावंच लागलं नाही.
मी घरूनच निवडून नेलं होतं,
भाजीतल्या काड्या काढाव्यात तसं,
रेडिओ ऐकत, स्वतःच्या हातांनी.

खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हे असावं.
इतकं सावकाश होतं
की जीभ खारट झालेली कळतही नाही.

माझ्या आईचं माहेर याच नदीचं.
तिच्याकडून मला एकच वाक्य मिळालं,
तेही चुकून,
तव्यावर तिचं बोट भाजलं तेव्हा.
त्याचा अर्थ मी अजून कुणाला विचारलेला नाही.
अहवालाच्या शेवटी माझ्या नावापुढे छापलंय:
या विषयातील तज्ज्ञ.

प्रकाशनाला मंत्रीबाई आल्या.
पडद्यावर आलेख चढत गेला, हिरवा,
शाळांतले तास, फलक, अनुवादित पत्रकं.
खोटं त्यात काहीच नव्हतं.
फलक खरंच लागलेत. मी त्यांचे फोटो काढलेत.
पुढच्या तीन वर्षांचा निधीही तिथेच जाहीर झाला,
टाळ्यांत माझीही टाळी होती.

पण एक ओळ मी ठेवली. का, ते नीट सांगता येणार नाही.
चौथ्या प्रकरणात, सगळ्यात बारीक टायपात:
‘४१. एका प्रतिसादकाने जेवणाच्या वेळेचा उल्लेख केला.’
एवढंच. नदी नाही, लापशी नाही.
सोडरलिंडच्या नजरेतून सुटली,
किंवा त्याने सोडली. तेही त्याला मी विचारलं नाही.

काल सायमाचा फोन आला. अहवाल टपालाने पोचला होता.
ती पहिल्या भाषेत बोलली, मला निम्मं कळलं.
भिंत कुठल्या पानावर आहे?
एकशे बारा, म्हटलं. अगदी तळाला.
बराच वेळ कागदांची सळसळ.
मग म्हणाली, थांब, भिंग घेऊन येते.

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज.
लांब जाणारी पावलं.

मी थांबले आहे.