डावीकडे वळताना

मेरीहिल रोडचा सिग्नल, सकाळी सात दहा.
ग्लासगोचा नोव्हेंबर, अजून उजाडलेलं नाही.
माझ्या उजव्या खांद्याशी
काँक्रीटचा मिक्सर पोट फिरवत उभा.

सायकल शिकवताना मॉरागमावशी म्हणायची,
आरशात त्याचे डोळे दिसले, तर त्याला तू दिसलीस.
नाही दिसले
तर तू नाहीसच, इशबेल. मागे थांब.

काचेवर त्याच्या नावाची पाटी: डूगल्ड.
एवढीच ओळख.
मी मान वर करते, आरशात दोन भुवया हलतात,
कधी चहाचा कप उचलला जातो,
मग हिरवा, आणि तो मला आधी जाऊ देतो.
तीन हिवाळे.
पंक्चर झालं त्या मंगळवारी बसने गेले
तर उगीच वाटलं, कळवायला हवं होतं.

आज पाटी तीच.
आरशात नुसता पाऊस
आणि खाली वाकलेलं कपाळ, फोनच्या उजेडात निळं.

मी घंटी वाजवली. एवढीशी घंटी,
बेकरीतली पोरं हसतात तिला.
इंजिनाच्या घरघरीत ती कुठे ऐकू जायला.

हिरवा झाला.
मी पाय टेकूनच राहिले.
मागचा हॉर्न देत सुटला, देऊ दे.
मिक्सर डावीकडे वळला,
मी जिथे असते
तिथून.